‘बायकोचा बैल’ म्हणतील, म्हणू देत

(पत्र थोडं कमी केलं आहे, नावं बदलली आहेत.)

ताई, नमस्कार.

मी २८ वर्षांचा, राहायला चिंचवडला, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. डिप्लोमापासूनचे आम्ही सहा मित्र. शनिवारी रात्री टपरीवर भेटतो, व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, ॲडमिन मी. ग्रुपचा जीव म्हणजे विकी. हिंजवडीला आयटीत आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली तेव्हा चार रात्री तो माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपला. डिपॉझिटला पैसे कमी पडले तर न मागता भरले. त्याच्याबद्दल असं लिहायला हात रेटत नाही.

पण मुलींचा विषय निघाला की तो वेगळाच होतो. ढाब्यावर शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं बोलतो, जुन्या गर्लफ्रेंडचे किस्से रंगवतो. जुलैमध्ये आम्ही लोणावळ्याला गेलो होतो. भुशी धरणावर भिजणाऱ्या अनोळखी बायकांचा त्याने झूम करून व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. चौघांनी हसरे इमोजी टाकले. त्यात मी एक. नीट बघितलाही नव्हता, सवयीने अंगठा पडला. आठवड्याभराने मी गाडी चालवत होतो आणि मॅप बघायला फोन होणाऱ्या बायकोच्या हातात होता. तिला तो व्हिडिओ दिसला. तिने फोन खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, “यात हसणारा तूच ना?”

एकदा ढाब्यावर मी “बास रे विक्या” म्हणालो, तर सगळे ओरडले, “लग्नाआधीच बायकोचा बैल झाला!” मीही हसलो. नंतर दोघांनी मला वेगळा मेसेज केला की विकी जरा अतीच करतो. ग्रुपवर मात्र कोणी बोलत नाही. पूर्वी आमच्या बॅचची एक मुलगीही ग्रुपमध्ये होती, ती दीड वर्षापूर्वी बाहेर पडली, जॉब बदलला म्हणाली.

डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. त्याआधी विकीने माझ्यासाठी गोव्याची बॅचलर ट्रिप ठरवली आहे. मी काय करू? मैत्री तोडू? आणि ॲडमिन म्हणून माझ्यावर केस होऊ शकते का?

– अ.

*

प्रिय अ.,

केसचं आधी निकालात काढू, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. तुझ्यासारख्याच एका ॲडमिनचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं होतं. ग्रुपमधल्या एकाने ग्रुपमधल्याच एका बाईबद्दल घाणेरडं लिहिलं आणि ॲडमिनने त्याला ना काढलं, ना माफी मागायला लावली, अशी तक्रार होती. २०२१ मध्ये न्यायालयाने ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. नुसता ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, दोघांचं आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी, असं त्या निकालाचं सार. तेव्हा विकीच्या व्हिडिओपायी तुला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल असं मला वाटत नाही.

विकीचं मात्र तसं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बाईला उद्देशून अश्लील शेरे मारणं तिच्या कलम ७५ मध्ये येतं, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. बाईचा अपमान व्हावा म्हणून शब्द, आवाज, हावभाव करणं किंवा तिच्या खासगीपणात घुसणं हे कलम ७९ मध्ये येतं, त्याला तीन वर्षांपर्यंत. कुठल्या प्रसंगाला कुठलं कलम लागेल हे पोलीस आणि कोर्ट ठरवतात. पण ढाब्यावरच्या त्या टेबलावरून एखादीने उठून ११२ ला फोन लावला असता, तर विकीची ती रात्र कुठे गेली असती याचा अंदाज कर. हे त्याला कधीतरी जरूर सांग, फक्त सुरुवात त्याने करू नकोस. मित्राने कलमं वाचायला घेतली की समोरचा ऐकणं सोडतो आणि वकिली सुरू करतो.

कायद्याने तू सुटलास. तरी पत्र लिहिलंस, म्हणजे टोचतंय ते वेगळंच.

तो व्हिडिओ आत्ता कुठे आहे, बघितलंस? बहुतेक तुझ्याच फोनच्या गॅलरीत असेल. व्हॉट्सॲपचं सेटिंग बदललेलं नसलं की ग्रुपवर येईल ते आपोआप तिथे जाऊन बसतं. म्हणजे त्या दिवशी घरच्या माणसांबरोबर पाण्यात भिजायला आलेल्या बायका आज सहा पुरुषांच्या फोनमध्ये आहेत, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. तुझ्या फोनमधला आधी काढ. बॅकअप चालू असेल तर तिथूनही काढ. बाकी पाच फोन तुझ्या हातात नाहीत, त्याचं पुढे बघू. ग्रुपवर यापुढे असं काही आलं (येईलच) तर ताजं असतानाच डिलीट कर. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, आणि काढला की त्या जागी ओळ उमटते की हा मेसेज ॲडमिनने काढला. ॲडमिनचं नावही दिसतं त्यात. ती ओळ सगळ्यांना दिसू दे. खाली एकच वाक्य लिही: “अनोळखी बायकांचे फोटो-व्हिडिओ इथे टाकायचे नाहीत.” शेवटी हसरा चेहरा नको. “भावांनो, राग मानू नका” ही मलमपट्टीही नको.

आणि हो, हसरा चेहरा. तू त्याला सवय म्हणतोस. मला वाटतं तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. विकी घरी एकटा बसून असले व्हिडिओ काढत असेल असं मला नाही वाटत. तो तुमच्यासाठी काढतो. ढाब्यावर तो बोलतो ते त्या मुलींशी नव्हेच, ते तुम्हा पाच जणांना ऐकवायला असतं. मुली नुसत्या निमित्ताला. ज्या विनोदाला टाळी मिळत नाही तो माणूस तिसऱ्यांदा करत नाही, आणि विकीला आजवर दर वेळी टाळी मिळालेली आहे. कधी चार इमोजींची, कधी “विक्या, सुधर रे” अशा लाडाच्या शिव्यांची. तुझं “बास रे” सुद्धा त्यातच जमा झालं, कारण पुढच्याच क्षणी तूही हसलास.

म्हणून पहिलं काम बोलायचं नाही, हसणं थांबवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण एक शनिवार करून बघ. पाच जण खिदळत असताना चेहरा कोरा ठेवणं भलतंच जड जातं. कोणीतरी विचारेलच, “तुला काय झालं रे?” तेव्हा “मला नाही हसू आलं” एवढंच म्हण. नाहीतर दुसरा मार्ग आहे, जरा खट्याळ आहे पण लागू पडतो. “म्हणजे? नाही कळलं. नीट सांग ना,” म्हणून त्याला तो विनोद उलगडून सांगायला लाव. असला विनोद फोड करून सांगताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

आता तू ओझरतं लिहून पुढे गेलास ते वाक्य. बॅचची मुलगी ग्रुपमधून बाहेर पडली, जॉब बदलला म्हणाली. अरे, जॉब बदलला म्हणून कोणी मित्रांचा ग्रुप सोडतं का? नंबर तर तोच राहतो. ती का गेली हे तुम्हाला सहाच्या सहा जणांना कळलेलं आहे, फक्त एकमेकांना कोणी सांगितलेलं नाही. जाताना तिने तुम्हाला सोयीचं कारण देऊन टाकलं, कारण खरं सांगितलं असतं तर “सेन्सिटिव्ह झाली”, “आजकाल जोक पण करायचे नाहीत का” हे ऐकावं लागलं असतं. बायका असंच निघून जातात, भांडत नाहीत. माझ्याकडे या विषयावर येणारी पत्रं बहुतेक अशा निघून गेलेल्यांचीच असतात. आत राहिलेल्याचं पत्र क्वचित येतं, म्हणून तुझं एवढं सविस्तर घेतलं.

तिला एक मेसेज कर. “ग्रुपवर जे चालायचं त्यात मी गप्प बसायचो, कधी हसायचोही. तुला त्याचा त्रास झाला असणार. माझं चुकलं.” इथे थांब. परत ये म्हणू नकोस, नेमकं काय झालं होतं विचारू नकोस, विकी मनाने चांगला आहे हे तर मुळीच सांगू नकोस. उत्तर नाही आलं तर दुसरा मेसेज नाही. लग्नाची पत्रिका तेवढी वेळेवर पाठव, घरच्यांच्या नावासकट.

विकीकडे येते. तुम्ही सगळे धरून चालला आहात की तो तसाच आहे, स्वभावाला औषध नाही. मग मला सांग, हिंजवडीच्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी एखादी सहकारी उभी असते, तेव्हा ढाब्यावरचं वाक्य तो तिला ऐकवतो का? नाही ऐकवत, इतक्या वर्षांत नोकरी टिकली आहे ना! तिथे त्याला माहीत असतं की कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, तिच्या अध्यक्षपदी बाई असते, निदान निम्म्या सदस्य बायका असतात आणि तक्रार झाली तर चौकशी बसते. हा कायदा सुखासुखी नाही आला. राजस्थानात बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला, त्यातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून देणारा ‘विशाखा’ निकाल लागला आणि त्यानंतर कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं गेली. विकीला यातलं काही ठाऊक नसेल, पण ऑफिसात जीभ आवरायची असते हे पक्कं ठाऊक आहे. सोमवार ते शुक्रवार त्याला ते जमतं. शनिवारी जमत नाही, कारण शनिवारी ते खपवून घेणारे पाच जण समोर असतात. स्वभाव असता तर तो वार बघून बदलला नसता.

त्याच्याशी बोलायचंच आहे. पण त्याआधी त्या दोघांना गाठ, ज्यांनी तुला वेगळा मेसेज केला. फोन नको, प्रत्यक्ष भेट. विकीविरुद्ध कट करायचा नाही, तिघांनी मिळून त्याला घेरायचंही नाही. घेरलेला माणूस फक्त सुटायचं बघतो. दोघांकडून एकच गोष्ट कबूल करून घे: मी टोकलं की तुम्ही हसायचं नाही, आणि जमलं तर “बरोबर बोलतोय तो” एवढं म्हणायचं. एकटा बोलला तर तो सोवळा ठरतो, दुसऱ्याने तेच म्हटलं की विषय गंभीर होतो. दुसऱ्या आवाजाचं वजन पहिल्यापेक्षा जास्त, हे लक्षात ठेव. आणि हिशोब बघ: तू आणि ते दोघे मिळून सहातले तिघे झालात. उरलेल्या दोघांना विकीचंच पटतं असं तू कशावरून धरलंस? तेही कदाचित तुझ्यासारखेच सवयीने अंगठा दाबत असतील.

मग विकी. टपरीवर नको, ग्लास हातात असताना नको, चॅटवर तर नकोच, तिथे स्क्रीनशॉट काढून पुढे जातो. दोघेच गाडीतून कुठेतरी निघालेले असताना बोल. नजर समोर रस्त्यावर असली की पुरुषांना असलं बोलणं जरा सोपं जातं, असं माझं निरीक्षण आहे. आणि मोघम बोलू नकोस. “तू बायकांचा आदर करत नाहीस” म्हणालास की तो आईपासून बॉसपर्यंत दहा बायकांची यादी देईल, ज्यांचा तो आदर करतो, आणि ती यादी खरीही असेल. एकच घडलेली गोष्ट धर. तुझ्या भाषेत साधारण असं:

“विक्या, एक बोलायचंय, मधेच चिडू नको. तो भुशीचा व्हिडिओ मी उडवला. तूही उडव, आणि बाकीच्यांना उडवायला सांग. तेव्हा मी हसलो होतो, ते माझं चुकलं. पण इथून पुढे मी असल्या गोष्टीला हसणार नाही, आणि माझ्यासमोर झालं तर तिथल्या तिथे बोलणार. तुला आधी सांगून ठेवतोय. नंतर म्हणू नको चारचौघांत पोपट केला.”

बस. यात तू त्याला वाईट माणूस म्हटलेलं नाहीस, स्वतः काय करणार ते सांगितलंस. व्हिडिओ काढण्याचं काम त्याच्यावर टाकलंस, कारण मूळ त्याच्या फोनमध्ये आहे आणि बाकीचे ऐकतील ते त्याचंच.

आधी सांगण्याला किंमत असते. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. दंडाने तोंडं बंद होतात का, यावर वाद घालता येईल. मला त्यातलं पटलं ते हे की नियम चारचौघांत, आधी, सगळ्यांना सारखा लावून झाला. कोणा एकाला पकडून फजिती केली नाही. गावाला जे जमलं ते सहा जणांना जमायला हरकत नाही. दंडाचं तुमचं तुम्ही बघा, शनिवारचं बिल त्याच्यावर असंही चालेल.

दोन गोष्टी मात्र बोलताना टाळ. पहिली, “तुझ्या बहिणीचा कोणी असा व्हिडिओ काढला असता तर?” हे वाक्य आपल्याकडे प्रत्येकाच्या जिभेवर तयार असतं आणि दर वेळी फुकट जातं. विकी भडकेल, “बहिणीवर जाऊ नको” म्हणेल, मग भांडण बहिणीच्या इज्जतीवर सुरू होईल आणि व्हिडिओ राहील बाजूला. शिवाय त्यात आपण कबूलच करून टाकतो की जी कुणाची बहीण म्हणून आपल्याला माहीत नाही, तिच्याशी कसंही वागलं तरी चालतं. भुशीवरची ती बाई विकीची कोणी नव्हती. कोणी असायची गरजही नाही. ती सुट्टीच्या दिवशी भिजायला आली होती, तुम्ही आला होतात तशीच.

दुसरी, होणाऱ्या बायकोला मधे आणू नकोस. “हिला आवडत नाही रे” म्हणून सुटणं फार सोपं आहे आणि तो मोह तुला होणार. पण मग ग्रुपच्या लेखी ती खलनायिका ठरेल. डिसेंबरमध्ये ती तुझ्या घरात येईल ती तुझ्या पाच मित्रांची दुश्मन म्हणून, तिने एक प्रश्न विचारला एवढ्यावरून. तुला आवडत नाही, असं सांग. खरंच आवडत नसेल तर.

तिच्या त्या प्रश्नाला तू काय उत्तर दिलंस, ते पत्रात नाही. दिलंच नसशील तर आता दे. “हो, मीच.” त्यापुढे “पण” लावू नकोस. विकीशी बोलून झाल्यावर सांगितलंस तर आणखी बरं, म्हणजे केलेलं सांगशील, करणार आहे ते नाही.

‘बायकोचा बैल’ पुन्हा येणार, त्याची तयारी ठेव. हा टोमणा तुला पुन्हा ओळीत आणायला असतो. “मी काही बैल-बिल नाही” म्हणालास की फसलास, मग ते सिद्ध करायला पुढच्या विनोदावर सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसावं लागतं. “असू दे. चहा सांग अजून एक,” म्हण आणि मूळ मुद्द्यावर ये. टोमणा लागत नाही हे दिसलं की मारणाऱ्याची मजा जाते. महिनाभर तरी मारतील, तेवढं सोस. आपल्याकडे बायकोचं ऐकणाऱ्याची थट्टा करायला एवढे वाक्प्रचार आहेत आणि न ऐकणाऱ्यासाठी एकही धड नाही, यातच सगळं आलं.

“मजाक आहे रे, त्या कुठे ऐकतायत” हेही येईल. ऐकत असतात. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला शब्दन् शब्द ऐकू जातो. ती मान वर करत नाही, कारण नजरेला नजर मिळाली तर त्याचा वेगळा अर्थ काढला जाईल. मैत्रिणीला टेबलाखालून पायाने खूण करते. रोटी अर्धी टाकून बिल मागवते. गाडीपर्यंत जाताना किल्ली आधीच हातात काढून ठेवते, आरशात बघते की तुमची गाडी मागोमाग निघाली का, आणि एक चौक जास्तीचा वळसा घालून घरी जाते. तुम्ही तोवर पुढच्या विषयावर गेलेले असता. हे कुठलंही पुस्तक न वाचता तुला पडताळून बघता येईल: आईला विचार, ऑफिसातल्या कोणाला विचार, होणाऱ्या बायकोला विचार की ती रात्री रिक्षात बसताना काय काय करते. विकीलाही विचारायला लाव. त्याच्या घरात उत्तर देणारी कोणीतरी असेलच.

ऐन वेळी काय करायचं, तर त्या मुलीपाशी जाऊन “सॉरी मॅडम, मित्र जरा…” अशी हिरोगिरी करायची नाही. आधीच एकाने नको ते लक्ष दिलंय, त्यात दुसऱ्याची भर. तुझं बोलणं विकीशी, तेही त्या टेबलाला ऐकू जाईल इतपत: “विक्या, बास. चल, उठ.” जागा बदला किंवा बिल भरून निघा. बोलण्यापुढे गोष्ट गेली, म्हणजे कोणाच्या मागे जाणं, वाट अडवणं, हात लावणं, तर तिथे मित्र-बित्र काही नाही. आडवा हो. थांबला नाही तर ११२ फिरव.

एक गोष्ट तुलाच विचारते. जुन्या गर्लफ्रेंडचे ‘किस्से’ म्हणतोस. नुसते किस्सेच ना? की फोटोही फिरतात? किस्से असतील तर वरचंच सगळं लागू. फोटो असतील, आणि ते तिने फक्त त्याच्यासाठी दिलेले असतील, तर प्रकरण शनिवारच्या गप्पांचं राहिलेलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली असे फोटो पसरवणं गंभीर गुन्हा आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तिला घरबसल्या तक्रार करता येते. तशा वेळी तू विकीला समजावत बसायचं नाही, तिला कळवायचं. तिचा तो हक्क आहे, आणि तुझी मैत्री त्याच्या आड येत असेल तर मी तिच्या बाजूने आहे, हे स्पष्ट सांगते.

तसं नसेल तर मैत्री तोडू नकोस, निदान आत्ता नको. बाकड्यावरच्या चार रात्री खऱ्या आहेत आणि तो व्हिडिओही खरा आहे. एकाने दुसरा पुसला जात नाही. पण त्या रात्रींची परतफेड तू गप्प बसून करतोयस, असं मला पत्र वाचताना वाटलं. परतफेड करायचीच तर त्याच्या घरी कोणी आजारी पडेल तेव्हा तूही बाकड्यावर झोप, पैसे लागले तर भर. बायकांना त्या हिशोबात कशाला ओढायचं? उलट त्याला हे सांगायचा अधिकार ज्या थोड्या माणसांना आहे त्यात तू आहेस. माझं तो ऐकणार नाही, वर्तमानपत्रातलं ऐकणार नाही, तुझं कदाचित ऐकेल. पुरुषांनीच पुरुषांशी बोलायचं, ही काही नवी टूम नाही. १९९१ मध्ये मुंबईत एका वर्तमानपत्रात जाहिरात आली होती, बायकोला मारहाण करणं ज्यांना चूक वाटतं असे पुरुष हवेत म्हणून. दोनशेवर पुरुषांनी उत्तरं पाठवली. त्यातूनच १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ म्हणजे ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून महाराष्ट्रात ठिकठिकाणच्या कॉलेजांत तरुण मुलांशी याच गोष्टी बोलत आले आहेत. कधी फारच एकटं वाटलं तर असं काम करणाऱ्यांच्या एखाद्या कार्यक्रमाला जाऊन बस. तुझ्यासारखे बरेच भेटतील.

विकी लगेच बदलेल असं समजू नकोस. आधी तो रुसेल, मग तुझी नक्कल करेल. तुला वगळून पाच जणांचा दुसरा ग्रुप निघेल, हे मी जवळजवळ धरूनच चालले आहे. निघू दे. तिथे ते दोघे असतील, आणि त्यांना आता माहीत असेल की न हसताही मित्र राहता येतं. चार-सहा महिने जाऊ देत. तुझ्यासमोर तो सांभाळून बोलायला लागला, तर कोणी म्हणेल हे वरवरचं आहे. असेना का. ढाब्यावरच्या मुलीला वरवरचंही पुरतं, तिला त्याचं मन नाही तपासायचं, जेवायचं आहे. आणि काहीच फरक पडला नाही, उलट तुला डिवचायला म्हणून जास्त करायला लागला, तर शनिवार कमी कर. भांडून, जाहीर करून मैत्री तोडायची गरज नसते, जाणं कमी झालं की ती आपोआप आपल्या मापाला येते.

राहिलं गोवा. ट्रिप तुझ्या नावाची आहे, म्हणजे नियम तुझे. बुकिंगचे पैसे भरायच्या आधी बोल, कळंगुटला पोचल्यावर नाही. किनाऱ्यावर मोबाईल फक्त आपल्या माणसांचे फोटो काढायला, हे ठरवून घे. गोवा सरकारच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्येच पर्यटकांसाठी सूचना काढली होती की अनोळखी लोकांचे, विशेषतः उन्हात पहुडलेल्यांचे आणि समुद्रात पोहणाऱ्यांचे, फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत. सरकारला असं लेखी सांगावं लागलं, ते आपल्याकडून जाणाऱ्या अशाच गाड्या भरभरून गेल्यामुळे. गोव्यातल्या माणसांना आपण कसे दिसतो हे तिथल्या कोणा शॅकवाल्याला विचारून बघ, तोंडावर सांगणार नाही बिचारा.

विकी म्हणेल, मग गोव्याला जाऊन करायचं काय? मासे खा, पोहा, फोंड्याकडची देवळं बघा, पत्ते कुटा. सहा जणांना चार दिवस यात जात नसतील तर घरी बसलेलं बरं. त्याने मान्य केलं तर मजेत जा, आणि गेल्यावर त्याच्यावर पहारेकऱ्यासारखी नजर ठेवू नकोस. मान्य नाही केलं तर ट्रिप रद्द कर, ॲडव्हान्स बुडाला तर बुडाला. आणि हो हो म्हणून किनाऱ्यावर फोन काढलाच, तर एकदा सांग. दुसऱ्यांदा सांगायला थांबू नकोस, बॅग उचल. गाडी त्यांच्याकडेच राहू दे, मडगावहून पुण्याला येणारी गोवा एक्सप्रेस रोज असते.

– ताई